पॅरिसवाले माजोरडे म्हणे!

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर आत्तेभावाचे आयफेल टॉवरसमोरचे सतरा फोटो आणि खाली, "शहर झकास, पण लोक एक नंबर माजोरडे." त्यावर बारा जणांचे अंगठे, त्यातले अकरा जण विरारच्या पुढे गेलेले नाहीत. डोकंच फिरलं माझं.

अरे मी पण गेले होते ना. पहिल्याच दिवशी बेकरीत शिरले आणि वाण्याकडे मागतो तसं काचेवर बोट ठेवून थेट, "वन क्रोसाँ". काउंटरवरची बाई हलेचना. माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली, "बोंजूर मादाम", आणि थांबली. मागे ही लाईन आणि ही बया थांबलेली! मला वाटलं, झाला ह्यांचा माज सुरू. संध्याकाळी हॉटेलच्या रिसेप्शनवरचा पोरगा हसत म्हणाला, इथे दुकानात पाय ठेवला की आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार, त्याशिवाय काही मागितलं की तुम्ही उद्धट. म्हणजे मी. मी!!

हो, एक वेटर खरंच खडूस भेटला. आणि २०१३ मध्ये त्यांच्याच चेंबर ऑफ कॉमर्सने टुरिस्टांशी नीट कसं वागायचं याची पुस्तिका काढून वेटर-टॅक्सीवाल्यांना वाटली होती, तेव्हा अगदीच साळसूद नाहीत ते. बरं.

पण २००६ विसरलात? रीडर्स डायजेस्टने ३५ शहरं तपासली, मागच्यासाठी दार धरतात का, पडलेले कागद उचलून देतात का, दुकानदार थँक्यू म्हणतो का, आणि न्यूयॉर्क पहिलं, आपली मुंबई शेवटची! केवढे पेटलो होतो आपण. लोकलमध्ये तिघींच्या सीटवर चौथीला सरकून जागा देतो, अनोळखी बाईची पिशवी मांडीवर घेतो, ते कोणी मोजलं? वडापाववाला थँक्यू म्हणत नाही, न मागता सुकी चटणी जास्त घालतो. मग त्या बेकरीवालीलाच का नाही तेवढी सूट?

दुसऱ्या दिवशी मी दारातूनच बोंजूर मादाम ठोकलं. माझा उच्चार ऐकून ती खुदकन हसली आणि मागच्या ट्रेमधला गरम क्रोसाँ काढून दिला. आणि निघायच्या दिवशी गार द्यू नॉर स्टेशनच्या जिन्यावर मागून कोणीतरी माझी बॅग उचलली, मी चोर चोर ओरडणार तेवढ्यात तो ती वर ठेवून गर्दीत गेलासुद्धा, मेर्सी म्हणायचंही राहिलं.

ग्रुपवर एवढंच विचारलंय, "दादा, दुकानात शिरताना बोंजूर म्हणालास का?" निळ्या टिका कधीच्या आल्यात. उत्तर नाही.