हार्मनी प्रोसेसरचा तो फॉरवर्ड: पट्टी न लावता गाणाऱ्या मशीनची थाप

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: एकट्याने लाइव्ह गाणाऱ्याने हार्मनी प्रोसेसर (गाणाऱ्याच्या आवाजाला जोडीचे सूर देणारं, पायाने चालवायचं पेडल) कसा निवडावा. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, पण सूर एकदम ठाम. माझ्यापर्यंत तो भाच्याकडून आला. भाचा सावंतवाडीचा. शनिवार-रविवार गोव्यात कळंगुटच्या बाजूला रेस्टॉरंटात गिटार घेऊन एकटा गातो आणि साठवलेल्या पैशांतून पेडल घ्यायच्या बेतात आहे. "मामा, ह्यात लिहिलंय तसं बघून घेऊ ना?" असं त्याने विचारलं. नको घेऊस. का नको ते इथे लिहितोय, कारण हाच मेसेज वाचून पैसे घालवायला निघालेला तो एकटा नसणार.

मेसेजचं म्हणणं असं: आठ आवाजांचंच मशीन घ्या, बँडची गरज संपते. गिटार जोडायची जॅक असलेलं मॉडेल घेणं म्हणजे पैसे वाया. पट्टी (गाण्याची की) लावायची भानगड नाही, मशीन आपोआप ओळखतं. पेडल मिक्सरच्या मेन आऊटवर (सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात तिथे) लावा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या साथीच्या ट्रॅकसकट सगळ्याला हार्मनी येते. फँटम पॉवरने (मिक्सर माइकच्या केबलमधून देतो त्या ४८ व्होल्टने) साधा माइक जळतो. अडॅप्टर कुठलाही चालतो. आणि शेवटी, जाड अक्षरांत: रियाज कच्चा असला तरी मशीन सुरात आणतं.

आधी पट्टीचं बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे. हार्मनीचं मशीन काय करतं? तुम्ही गाताय तो सूर ओळखतं आणि तुमच्याच आवाजाची प्रत वर किंवा खाली सरकवून सोबत गातं. आता पांढरी एकमध्ये 'सा' गा. वरचा जोडीचा सूर 'ग', म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या वर. 'रे' गा. जोडीचा सूर 'म', म्हणजे तीनच पट्ट्या वर. कधी चार सरकायचं आणि कधी तीन, हे मशीनला कोणीतरी सांगावं लागतं. सांगायचे मार्ग मोजकेच आहेत: तुम्ही हाताने पट्टी लावा, गिटार मशीनमधून न्या म्हणजे ते कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ऐकेल, कीबोर्डवरून मिडी (कुठल्या पट्ट्या दाबल्या ते सांगणारा सिग्नल) द्या, नाहीतर मशीनला खोलीतला आवाज ऐकू द्या. यातलं काहीच न देता "आपोआप" कुठून कळणार?

इथे एक अर्धसत्य मला मान्य करावं लागतं. टीसी-हेलिकॉन कंपनीच्या व्हॉइसलाइव्ह प्ले या मशीनमध्ये रूमसेन्स नावाची सोय आहे. डब्यातच माइक आहेत आणि खोलीत वाजणारं वाद्य ऐकून ते पट्टीचा अंदाज घेतात. घरी, शांत खोलीत, गिटार जवळ धरून वाजवली तर बरं चालतं. पण किनाऱ्यावर तुमच्या गाण्याइतकंच शेजारच्या शॅकवरचं गाणंही त्या माइकांत शिरतं, आणि ते तुमच्या पट्टीत असेलच असं नाही. एका मॉडेलची ही मर्यादित सोय. तिच्या जिवावर "पट्टी लावूच नका" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणं बेजबाबदारपणाचं आहे. बॉस कंपनीचं व्हीई-२० हे आपल्याकडे बरंच दिसणारं पेडल घ्या. त्याला गिटारची इनपुटच नाही. त्याच्या मॅन्युअलमध्ये गाण्याची की लावायची पायरी स्पष्ट दिली आहे, कारण ती लावल्याशिवाय त्याच्या हार्मनीला आधारच नाही. मशीन बनवणारी कंपनी स्वतः की लावायला सांगते, तिथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं काय ऐकायचं?

बरं, पट्टी बरोबर लावली तरी गोष्ट संपत नाही, आणि गिटारची जॅक वाया का नाही ते इथेच कळतं. गाणं ए मायनरमध्ये आहे, म्हणजे पांढरी सहा 'सा' धरून. हिंदी-मराठी गाण्यांत अशा चालींना पाचवा कॉर्ड म्हणून ई मेजर सर्रास येतो. तुम्ही पंचमावर थांबलात. मशीनला फक्त "ए मायनर" माहीत आहे, म्हणून ते वरचा सूर कोमल निषाद गातं. त्याच क्षणी तुमच्या गिटारच्या ई मेजरमध्ये शुद्ध निषाद वाजतोय. दोन निषाद, एक कोमल आणि एक शुद्ध, एकाच वेळी, एकाच स्पीकरमधून. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण तोंड वाकडं होतंच, आणि नाव गाणाऱ्याचं खराब होतं. गिटार मशीनमधून गेली असती तर त्याने कॉर्ड ऐकून शुद्ध निषाद घेतला असता. बॉसचं व्हीई-२, व्हीई-८, टीसी-हेलिकॉनचं हार्मनी-जी एक्सटी यांच्यात गिटारची जॅक यासाठीच दिलेली आहे. कॅपो (गिटारच्या तारा दाबून पट्टी वर नेणारी क्लिप) लावणाऱ्यांचाही फायदा आहे: जी शेप, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, तर हाताने लावताना बरेच जण जी लावून मोकळे होतात, खरी की असते ए. जॅकमधून जाणारी गिटार जो कॉर्ड वाजतो तोच सांगते. अट एवढीच की गिटार ट्यूनमध्ये हवी आणि कॉर्ड नीट वाजवायला हवेत. एकेका तारेवर सुटे सूर छेडत बसलात तर मशीनला कॉर्ड कळत नाही.

आपल्या गाण्यांतली आणखी एक अडचण या मेसेजला माहीतच नाही. बहुतेक मशीनं मेजर आणि मायनर धरून चालतात. भैरवच्या अंगाने जाणारा अभंग घ्या: कोमल रे, शुद्ध ग, कोमल ध, शुद्ध नी. हे ना मेजरमध्ये बसतं ना साध्या मायनरमध्ये. कोमल रिषभावर गेलात की मशीन चाचपडतं. भैरवीत तर बाराही सूर येऊ शकतात. शिवाय मुरकी आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेताना सूर एका जागी थांबतच नाही, त्यामुळे जोडीचा आवाज या पट्टीवरून त्या पट्टीवर उड्या मारतो. अशा गाण्यांना हार्मनी पायाने बंद ठेवा, किंवा फक्त खालच्या सप्तकाचा आवाज लावा. सप्तकाच्या अंतराला पट्टी लागत नाही, ते कुठल्याही रागात चालतं.

मेन आऊटवर पेडल लावायचा सल्ला वाचून मात्र मला राग आला. मी मिक्सरवर बसतो, त्यामुळे याचे परिणाम माझ्यासारख्यांच्या कानांवर आदळतात. मशीन सूर ओळखतं ते लहरीतली पुन्हा पुन्हा येणारी आवृत्ती मोजून. एक गळा असेल तर ती सापडते. ढोलक, बास, कीबोर्ड आणि गळा एकत्र दिलात तर मोजायला एकच अशी आवृत्ती उरत नाही. मग हार्मनीच्या नावाखाली बाहेर येतो तो नुसता गोंगाट, आणि त्यात ट्रॅकचा बासही चिरक्या आवाजात वर सरकलेला असतो. जोडणी एकच: माइक पेडलमध्ये, पेडल मिक्सरच्या चॅनेलमध्ये. ट्रॅक वेगळ्या चॅनेलवर. माइकही तोंडाजवळ धरा, कारण माइकमध्ये मॉनिटरचं (गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचं) जे शिरेल त्याचीही हार्मनी होते.

आठ आवाजांबद्दल फार लिहीत नाही. रेस्टॉरंटात एक वरचा आणि एक खालचा आवाज पुरतो. प्रत्येक वाढीव आवाज त्याच एका माइकमधून येतो, तेव्हा पातळी वाढते आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो. फँटमने माइक जळत नाही. नेहमीचा डायनॅमिक माइक साध्या एक्सएलआर केबलवर ४८ व्होल्ट निमूट सहन करतो, त्याला त्यांची गरज नसते इतकंच. अडॅप्टरचा सल्ला मात्र पेडल मारणारा आहे. बॉसची छोटी पेडलं ९ व्होल्टची, पिनच्या मध्यभागी ऋण. टीसी-हेलिकॉनची बरीच १२ व्होल्टची. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा, मध्यभागी धन. तो बॉसच्या पेडलला लावला तर व्होल्टही जास्त आणि टोकंही उलटी. पेडलवर छापलंय तेवढंच वापरा.

आता ते जाड अक्षरांतलं वाक्य. सूर दुरुस्त करणारी सोय या पेडलांत असते हे खरं. अँटारेसचं ऑटो-ट्यून १९९७ साली आलं आणि तेव्हापासून ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. थोडासा ढळलेला सूर ती सावरते, पण त्याची किंमत मोजावी लागते. जोरात लावली की मींडेच्या पायऱ्या होतात आणि गाणं पत्र्याचं वाटतं. हार्मनीत तर कच्चा सूर झाकला जाण्याऐवजी उघडा पडतो. तुम्हाला गायचा आहे ४४० हर्ट्झचा सूर आणि तुम्ही लावलाय ४३५, म्हणजे अर्ध्या सुराच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी. एकटे असताना हे खपून जातं. पण मशीनने सोबतचा आवाज बरोबर ४४० वर लावला की दोन्ही मिळून सेकंदाला पाच वेळा थरथरतात. त्याहून जास्त ढळलात, दोन पट्ट्यांच्या मधोमध पोचलात, तर मशीनला कुठली पट्टी धरायची तेच कळत नाही आणि सोबतचा आवाज दोन्हींकडे धावतो. म्हणून हार्मनी वापरणाऱ्याला रियाज जास्त लागतो. एखाद्या विशीतल्या पोराला "रियाज सोड, मशीन बघून घेईल" असं सांगणं हे त्याच्या गळ्याचं नुकसान आहे.

तर भाच्या, तू गिटार वाजवतोस, म्हणून गिटारची जॅक असलेलंच पेडल बघ. ट्रॅकवर गाणाऱ्यांनी प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहून ठेवावी, आणि काळी चार म्हणजे मशीनवर जी शार्प किंवा ए फ्लॅट, हे आधीच पाठ करावं. कीबोर्डवाल्यांनी मिडी इनपुट आहे का ते विचारावं, जसं बॉसच्या व्हीई-५०० किंवा व्हॉइसलाइव्ह ३ मध्ये आहे. दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. जॅक लाव, आधी ए मायनर वाजव, मग ई मेजर, आणि दोन्हींवर पंचम धरून ठेव. दुसऱ्या कॉर्डवर वरचा आवाज शुद्ध निषादावर गेला तर पेडल कॉर्ड ऐकतंय. कोमल निषादावरच थांबला तर जॅक, सेटिंग आणि गिटारचं ट्यूनिंग पुन्हा तपास. तरीही तसंच राहिलं तर ते पेडल परत ठेव आणि दुसरं मागव.