पिंग जातो, फाइल जात नाही

जुना संगणक नव्याला पिंग करतो, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ असे विचारतो, उत्तर तत्काळ मिळते, केबल आणि आयपी पत्ते बिनचूक असल्याची खात्री पटते, आणि तरीही सामायिक फोल्डर उघडायला गेले की पासवर्ड चुकीचा असल्याचे धडधडीत खोटे सांगितले जाते. पासवर्ड बरोबरच असतो. जुन्या संगणकातल्या १९९८ सालच्या प्रणालीला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर सामायिक करण्याच्या भाषेची, केवळ पहिली आवृत्ती कळते, आणि २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यानंतर नव्या प्रणाली तिला दारातही उभे करत नाहीत. सुरक्षेचे कारण मला मान्य आहे, परंतु ‘आपली भाषा जुळत नाही’ एवढे एक वाक्य पडद्यावर दाखवायला कोणाचे काय जाते?

मग एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळावे, तर २०२१ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी ती सोयच काढून टाकली. वेगळा प्रोग्रॅम शोधून फाइल एकदाची पोहोचवली, तर झिप उघडेना, कारण हस्तांतरण मजकूर पद्धतीने झाले होते आणि ओळ संपल्याची खूण समजून १० क्रमांकाच्या बाइटपूर्वी १३ क्रमांकाचा बाइट घुसडला गेला होता. (हे तिसऱ्यांदा घडले, त्यामुळे चीड थोडी स्वतःवरही आहे.) पेन ड्राइव्ह वापरण्याचा सल्ला देणाऱ्यांनी त्याचा ड्रायव्हर (तो ओळखायला लागणारा प्रोग्रॅम) त्या जुन्या यंत्रात कोणत्या मार्गाने पोहोचवायचा, ते आधी सांगावे.