टेबल ठेवून तर देऊ या की!

मे महिन्यात फ्लोरिडाला, डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलंय म्हणे तुमचं. छान. तिकडं मुलगा, भाचा, कुणीतरी असेलच. बेळगावच्या टिळकवाडी-शहापुरात घरातलं कुणीच बाहेर गेलेलं नाही असं घर आता शोधावं लागतं. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली, भडंगाची पाकिटं बांधून झाली. आता मुख्य कामाला लागा. पाळणे, किल्ला, आतषबाजी हे काही मुख्य काम नव्हे, ते होतंच आपलं जाता-येता. मुख्य काम म्हणजे जेवणाची टेबलं धरणं.

या शास्त्रात मी पडलो तो आमच्या मेव्हण्यांमुळं. मेव्हणे बेंगळूरला संगणकात आहेत आणि एक्सेलच्या तक्त्याशिवाय अंघोळीलाही जात नाहीत. नुकतेच त्यांच्या नियोजनाखाली आम्ही सगळं घर तिकडं जाऊन आलो. तेव्हापासून गल्लीत कुणी सहज ‘जेवलात काय?’ म्हणून विचारलं तरी माझा हात खिशातल्या मोबाईलकडं जातो. तक्त्यात तारीख, पार्क, हॉटेल, वेळ, माणसं, ‘जोडीचं टेबल’ असे रकाने होते. राईडचा रकाना नव्हता. तुम्हीही ठेवू नका, उगाच लक्ष विचलित होतं.

तर पहिली गोष्ट, वेळ साधा. तिथली टेबलं ६० दिवस आधी खुली होतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर सोन्याहून पिवळं, कारण मुक्कामाच्या पहिल्या दिवसाआधी ६० दिवस बसलात की पुढच्या १० दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकाच बैठकीत हाणता येतात. खिडकी उघडते तिथल्या सकाळी ६ वाजता, म्हणजे मार्चच्या मध्यानंतर बेळगावात दुपारचे ३.३०. अगदी भाताची झोप लागायची वेळ. झोपायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी एकेक मोबाईल घेऊन हॉलमध्ये बसायचं, आज्जीला सुद्धा एक द्यायचा, आणि लाईट जाणारच म्हणून शेजाऱ्यांचा वायफाय आधीच मागून ठेवायचा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, त्याची पुढची तारीख आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. पण मे महिन्यातल्या अमुक मंगळवारी दुपारी आपण एपकॉट पार्कातल्या कोणत्या देशाच्या मंडपात जेवणार, हे मार्चमध्येच लहान पोरालाही पाठ होतं.

टेबलं किती धरायची, असं विचारताय? विचारणाराच नवखा. दिवसाला तीन. न्याहारीला एक, दुपारी एक, रात्री एक. शिवाय दुपारच्याला आणि रात्रीच्याला एकेक जोडीचं टेबल, दुसऱ्या हॉटेलात, बायकोच्या नावावर. ऐनवेळी मन बदललं तर? ‘भाऊजी, ठेवून तर देऊ या की. नको असलं तर सोडता येतंय.’ हे मेव्हण्यांचं वाक्य पाठ करा, पुढं लागणार आहे.

टेबल कोणत्या पार्कात मिळतंय हे बघत बसू नका. पार्क चारच आहेत, बस फिरतेय, पोचतोय की.

घरात दहा वर्षांचं पोर असेल तर बुफेच धरा. तिथं तीन ते नऊ वर्षांपर्यंत मुलांचा दर आणि दहाव्यापासून मोठ्या माणसाचा. मोठ्या माणसाचा दर भरून पोर बटाट्याच्या चार काड्या खाऊन उठलं की त्या जेवणाचं सार्थक होतं.

शाकाहारी असाल तर मेनू आधी अजिबात वाचू नका. तो डिस्नेच्या ॲपवर सगळा असतो, संपूर्ण वनस्पतीजन्य पदार्थापुढं पानाचं चिन्ह सुद्धा असतं, पण मग टेबलावर बसून वेटरला ‘यात अंडं काय? यात मासळी काय?’ असं अर्धा तास विचारण्यातली मजा जाते.

आता दुपारच्या जेवणाविषयी. हे नीट समजून घ्या, कारण खरं कसब इथंच लागतं. सकाळी ८.३० ला कार्टूनांसोबतची बुफे न्याहारी ठेवायची. मिकी-डोनाल्ड टेबलापाशी येतात, फोटो होतात, स्टेटसला जातात. पैसे माणशी मोजलेले, म्हणून प्रत्येकानं तीन-तीन ताटं घ्यायची. दहाला बाहेर पडताना कुणाला चालवत नाही, हे ठीकच. मग त्याच दिवशी दुपारी १.१५ चं टेबल ठेवायचं, आणि ते शक्यतो दुसऱ्या पार्कात. आम्ही होतो ॲनिमल किंगडममध्ये, टेबल होतं एपकॉटमध्ये. एका दिवसात दोन पार्कं करायची तर पार्क हॉपर नावाचं जास्तीच्या पैशांचं तिकीट लागतं. ते जेवायला जाण्यासाठी काढलेलं आमचं एकमेव कुटुंब नसणार, अशी आशा आहे.

पोरं एव्हरेस्टच्या राईडच्या रांगेत होती. त्या डोंगरासाठी ती मार्चपासून दिवस मोजत होती. त्यात यती आहे, गाडी मागं जाते, सगळं त्यांना तोंडपाठ. तास होत आला होता रांगेत. डोंगराचं दार दिसायला लागलं होतं. इतक्यात मेव्हण्यांचा फोन. ‘निघा, निघा, टेबल जाईल.’ मी म्हटलं, अरे, पुढं मोजकीच माणसं आहेत, पंधरा मिनिटं थांब की. तर म्हणाले, ‘भाऊजी, साठ दिवस आधी घेतलेलं टेबल आहे ते!’ पोरांना रांगेतून बाहेर काढलं. धाकटी रडली नाही. ती काही बोललीच नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

मग प्रवास. हा सगळा पसारा साधारण शंभर चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या बेळगाव शहराएवढा. ॲनिमल किंगडमला मोनोरेल नाही, बसच. थांब्यापर्यंत चालणं, बसची वाट बघणं, बस, एपकॉटच्या दारात पिशव्यांची तपासणी, पुन्हा तिकीट दाखवणं. आणि एपकॉटमध्ये ते अकरा देशांचे मंडप एका तळ्याभोवती आहेत, पुरी फेरी दोन किलोमीटरच्या आसपास. आमचं टेबल ज्या देशात, तो अर्थातच पलीकडच्या टोकाला. वर फ्लोरिडाचं ऊन. बरोबर सासूबाई. वय सत्तरीच्या पुढं, साखरेचा त्रास, गुडघ्याला पट्टा.

वाटेत त्यांनी पर्समधून भडंगाचं पाकीट काढलं. घरून आणलेलं, शेंगा जास्त घातलेलं. गोळी घेऊन वेळ झाला होता, त्यांना काहीतरी तोंडात टाकायलाच हवं होतं. तर सख्खा मुलगा म्हणतो, ‘आई, आता नको गं, पोट भरेल. टेबल वाया जाईल.’

टेबल वाया जाईल! आई वाया गेली तर चालतंय!

त्या माउलीनं पाकीट परत पर्समध्ये ठेवलं. तळ्याभोवती सगळे देश लागतात. कुठं वास, कुठं गाणी, प्रत्येक देशात उभ्या-उभ्या खायचं काहीतरी मिळतं. आम्ही कशाकडंही न बघता पळतोय. पोचलो. पोचल्यावर कळलं की अजून थांबायचंय. बुकिंग म्हणजे तुमच्या नावाची पाटी लावलेली खुर्ची नव्हे हो. त्या वेळेच्या आसपास जे टेबल रिकामं होईल ते तुम्हाला मिळणार, एवढाच त्याचा अर्थ. बसलो तेव्हा दोन वाजून गेले होते. न्याहारीची तीन ताटं अजून पोटात. सासूबाईंनी भात आणि वाफवलेली भाजी खाल्ली, बाकीच्यांनी ताटातलं इकडचं तिकडं केलं. बिल मेव्हण्यांनी आनंदानं भरलं आणि तक्त्यात त्या ओळीपुढं हिरवी खूण केली. एव्हरेस्टला पुन्हा जायचं राहिलंच, कारण संध्याकाळी ६ ला पुढचं टेबल होतं.

गरम होतंय? पाणी प्या. पुढची टीप घ्या.

रात्रीचं जेवण नको असलं तरी टेबल सोडू नका.

बेत बदलला तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत टेबल रद्द करता येतं, एक पैसा लागत नाही. ॲपवर दोन बोटांचं काम. तेवढंही करू नका. त्या रात्री कुणालाच जेवायचं नव्हतं आणि आमच्या नावावर दोन टेबलं उभी होती, एक साहेबांच्या नावावर, एक बाईसाहेबांच्या. मी म्हटलं, सोडा की रे. उत्तर मिळालं, ‘असू दे भाऊजी, बघू या नंतर, नऊला भूक लागली तर?’ न सोडता, न जाता राहिलं तर माणशी १० डॉलर कापले जातात. ते कापले गेले. ‘जाऊ दे,’ म्हणाले. इथं खडेबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून घासाघीस करणारा माणूस!

पैशाचं जाऊ दे, तो त्यांचा. पण त्याच सुमारास आम्ही एका हॉटेलच्या दारावरून जात होतो. तिथं एक माणूस उभा होता, कडेवर निळ्या फ्रॉकातली पोरगी, अर्धी झोपेत. आत जागा आहे काय विचारत होता. दारातली बाई नम्रपणे नाही म्हणाली. सगळी टेबलं भरलेली. त्यातलं एक टेबल आमच्यानं भरलेलं होतं, बघा. आम्ही बाहेर, पोट धरून, ढेकर देत.

गल्लीतल्या नळापुढं पहाटे घागरी ओळीनं ठेवून घरी जाऊन झोपणारी माणसं आपल्याला ठाऊक आहेत. त्यांना काय म्हणतो आपण, ते मी इथं लिहीत नाही. नळ तरी गरजेचा असतो. हे कशासाठी? सुट्टीवर गेलोय ना आपण? तीन वेळच्या पंगतीला जायला सातासमुद्रापार कशाला जायचं, इथं गावात महाप्रसाद काय कमी होतात?

आणि ‘नंतर सोडू’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही सोडत नाही. एकजण सोडत नाही. सोडायचं लक्षात ठेवणारा माणूस मुळात पाच धरतच नाही. साठ दिवस आधी ३.३० वाजता तुमचं बोट पळतं आणि दोन तास आधी ते लुळं पडतं, असं कसं होतं ओ? जागा मिळत नाही म्हणून पुन्हा तुम्हीच बोंब मारता. जागा कुठनं मिळणार? तुमच्यासारखेच हजारजण जोडीचं टेबल बायकोच्या नावावर दाबून बसलेत.

दिवसाला तीन टेबलं कुणालाही लागत नाहीत. एक सुद्धा रोज लागत नाही. पोरांना मिकी टेबलापाशी आलेला बघायचाय? एकदा न्याहारी धरा, ज्या दिवशी पार्कात घाई नाही त्या दिवशी, आणि ती केलीत की दुपार मोकळी सोडा. मोठ्यांना निवांत बसायचंय? एखादी संध्याकाळ धरा, त्या दिवशी ज्या पार्कात असाल त्याच पार्कात. संपलं. बाकीच्या वेळी भूक लागेल तिथं मोबाईलवरून ऑर्डर करा, तयार झालं की खिडकीवरून उचला. ऐनवेळी बसावंसं वाटलं तर बऱ्याच हॉटेलांत दारात जाऊन किंवा ॲपवर प्रतीक्षा यादीत नाव टाकता येतं, आणि टेबलं दाबून बसणारी मंडळी जरा कमी झाली तर नंबर लागतोही. बाहेरचं खाणं पार्कात न्यायला बंदी नाही. काचेची बाटली, दारू आणि गरम करून खावं लागणारं काही नको. दशम्या न्या, शेंगाचटणी न्या, भडंग न्या, बाकावर बसून खा. कुणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू दे.

पोरं रांगेत असतील तर त्यांना रांगेत राहू द्या. म्हातारं माणूस पाकीट काढत असेल तर त्याला खाऊ द्या, तुमच्या बुफेची वसुली त्याच्या पोटातून करू नका. बुकिंग आधीच करून बसला असाल तर जादाची टेबलं आत्ता सोडा, दोन तास आधी नव्हे, आत्ता. ॲप उघडा. उघडलं? मग बायकोच्या नावावरचंही उघडा.

मेव्हणे, हे तुम्ही वाचणार, मला ठाऊक आहे. काल तुम्ही घरच्या ग्रुपवर पुढच्या वर्षीच्या टोकियोचा तक्ता टाकलाय. तिथं टेबलं महिनाभर आधी, सकाळी १० ला खुली होतात, म्हणजे आपल्याकडं ६.३०, तेव्हा ‘सगळ्यांनी अलार्म लावा’ असंही खाली लिहिलंय. माझं नाव त्यातनं काढा. सासूबाईंचंही काढा, त्यांनीच सांगितलंय.