नव्वद लाख चेटकिणी आणि वीस शिलिंग

रविवारी सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय गं, इंग्लंडात चर्चनं नव्वद लाख बायका जाळल्या, ठाऊक होतं तुला?" कट्ट्यावरच्या ग्रुपात आलेला मेसेज. तोच मला आधी मावसबहिणीकडून आणि मग ऑफिसच्या ग्रुपात आला होता, दोन्ही वेळा मी न वाचता पुढे सरकले होते. पण बाबा इतिहासाचे मास्तर. सनावळी चुकली म्हणून पोरांचे मार्क कापण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी हे निमूट गिळावं? मग बसले लिहायला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ब्रिटिश भयपट म्हणजे चर्चच्या पापांचा कबुलीजबाब. 'विचफाइंडर जनरल' (१९६८), म्हणजे 'चेटकिणी शोधणारा सेनापती', ही सत्यकथा. त्यातला मॅथ्यू हॉपकिन्स हा चर्चनं नेमलेला पाद्री, आणि त्याच्यासारख्यांनी इंग्लंडात नव्वद लाख बायका जाळल्या. 'द डेव्हिल्स' (१९७१) मधलं सैतानाचं थोतांड मात्र दिग्दर्शकाच्या डोक्यातलं. या सिनेमावाल्यांना धर्मच सैतानी वाटतो. आणि तिकडे धर्माबद्दल काहीही दाखवा, कोणी अडवत नाही.

आधी नव्वद लाख. हॉपकिन्सच्या काळात, म्हणजे १६४०च्या दशकात, बाया-बापे-पोरंबाळं धरून सगळ्या इंग्लंडची वस्ती होती पन्नास लाखांच्या आसपास. म्हणजे होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बायका जाळल्या, पुरुषही जाळले, आणि तरी चाळीस लाख कमी पडले म्हणून बाहेरून मागवले! हा आकडा मूळचा इंग्लंडचा नाहीच. १७८४ मध्ये फॉइग्ट नावाच्या एका जर्मन गृहस्थानं क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या दप्तरातले खटले मोजले, त्यांना अख्ख्या युरोपानं आणि कित्येक शतकांनी गुणलं आणि चौऱ्याण्णव लाखांवर नेऊन ठेवलं. आजचे इतिहासकार सगळ्या युरोपात मिळून चाळीस ते साठ हजार धरतात, इंग्लंडात पाचशेच्या आसपास. पाचशे जीव हेही काही थोडके नाहीत, मग नव्वद लाख कशाला लागतात?

शिवाय इंग्लंडात चेटकाची शिक्षा फाशी होती, जाळणं नव्हे. इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क द्यावा लागतो, कारण घोळ 'विचफाइंडर जनरल' या सिनेमानंच घातलाय. त्यात लॅव्हनम गावच्या चौकात बाईला शिडीला बांधून आगीवर सोडतात तो प्रसंग एकदा पाहिला की डोक्यातून जात नाही, पण इतिहासात तो तसा घडलेला नाही. १६४५ मध्ये इप्सविचला मेरी लेकलंडला जाळलं खरं, पण तिच्यावर चेटूक करून नवऱ्याला मारल्याचा आरोप होता, आणि नवऱ्याचा खून हा कायद्यानं एक प्रकारचा राजद्रोह होता, बाईला त्याची शिक्षा जाळणं.

आता हॉपकिन्स. तो स्वतः पाद्री नव्हता, त्याचा बाप पाद्री होता. 'विचफाइंडर जनरल' ही पदवी त्यानं स्वतःच लावून घेतलेली, ना चर्चनं दिली ना पार्लमेंटनं. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात न्यायालयांची घडी विस्कटली होती, त्या फटीत हा विशी-पंचविशीतला माणूस शिरला. मॅनिंगट्रीची एलिझाबेथ क्लार्क, एक पाय नसलेली म्हातारी, हिला त्यानं रात्रीमागून रात्री जागवलं. शेवटी तिनं आपल्या पिशाच्चांना हाका मारल्या म्हणे. त्यातला एक व्हिनेगर टॉम, अंग लांबट शिकारी कुत्र्याचं आणि डोकं बैलाचं. झोप न मिळालेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईला याहून काय दिसणार?

आणि पाद्री या गोष्टीत आहे, पण फासावर. जॉन लोज, ब्रँडेस्टनचा म्हातारा पाद्री. त्यालाही जागवलं, दम तुटेपर्यंत खोलीत पळवलं, जहाज बुडवल्याचं कबूल करून घेतलं आणि १६४५ मध्ये लटकवलं. दफनविधीची प्रार्थना म्हणायला दुसरा पाद्री मिळाला नाही, म्हणून ती त्यानं स्वतःच म्हटली. सिनेमात हा लोज आहे, नावानिशी! मेसेज लिहिणाऱ्यानं सिनेमा पाहिला असता तर कळलं असतं. हॉपकिन्सविरुद्ध उघड बोलणारा आणि लिहिणारा जॉन गॉल, तोही एका गावचा पाद्रीच.

माझा सगळ्यात मोठा पुरावा मात्र हॉपकिन्सनंच लिहून ठेवलाय. १६४७ मध्ये, मरायच्या थोडं आधी, त्यानं एक छोटी पुस्तिका छापली. नॉरफोकच्या न्यायाधीशांपुढे त्याच्याविरुद्ध जे सवाल मांडले गेले, त्यांना एकेक करून उत्तरं. (म्हणजे मी आत्ता करतेय तोच उद्योग. जरा कसंतरी झालं वाचताना.) शेवटचा सवाल पैशाचा आहे: तू हे लोकांना लुबाडण्यासाठी करतोस. त्यावर साहेबांचं उत्तर: बोलावल्याशिवाय मी जात नाही. गावामागे फक्त वीस शिलिंग घेतो. त्यासाठी कधी वीस मैल घोडा मारतो, कधी आठवडाभर राहतो. तीन-चार चेटकिणी सापडल्या, अगदी एकच सापडली, तरी स्वस्तच पडतं! आणि एवढ्यात माणसं नि तीन घोडे पोसायचे. आता स्टोमार्केट गावच्या हिशेबात त्याच्या नावावर तेवीस पौंड आहेत, म्हणजे चारशे साठ शिलिंग. सिनेमात हॉपकिन्स झालेला नट व्हिन्सेंट प्राइस वयानं त्याच्या दुप्पट असेल, पण मोजून पैसे घेतानाचा त्याचा थंड चेहरा या पुस्तिकेच्या शेवटच्या पानाशी अगदी जुळतो. देवाचं नाव घेऊन दर ठरवणारा माणूस, सिनेमाचा रोख त्याच्यावर आहे.

बाकीचे मुद्दे पटापट. 'द डेव्हिल्स'मधलं थोतांड दिग्दर्शक केन रसेलच्या डोक्यातलं नाही. फ्रान्समधल्या लूदँ गावी १८ ऑगस्ट १६३४ रोजी उर्बें ग्रांदिए या पाद्र्याला, मठातल्या जोगिणींच्या अंगात भुतं घातल्याच्या आरोपावरून, खरोखर जिवंत जाळलं. पुराव्यात सैतानाशी झालेला लेखी करार होता, खाली सैतानांच्या सह्या, आणि तो कागद आजही फ्रान्समध्ये जपून ठेवलेला आहे. फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशेल्यू, त्याला त्या गावाची तटबंदी पाडायची होती, ग्रांदिए आडवा येत होता. तो जळून राख झाला तरी जोगिणींच्या अंगातली भुतं पुढे काही वर्षं निघाली नाहीत, बघायला गर्दी येतच राहिली.

धर्मच सैतानी? मग हॅमर या ब्रिटिश भयपट कंपनीच्या १९६६च्या ड्रॅक्युलापटात बंदूक घेऊन फिरणारा फादर सँडोर नायक कसा? आणि 'द विकर मॅन' (१९७३) मध्ये बळी जातो तो भाविक ख्रिस्ती पोलीस. बळी देणारा बेटाचा जमीनदार. त्याच्या आजोबानं सफरचंदाच्या बागांत लोक राबावेत म्हणून जुने देव परत आणले, हे तो स्वतःच हसत सांगतो. पीक गेलं तेव्हा बळी लागला.

राहिलं 'कोणी अडवत नाही'. १९८९ मध्ये संत तेरेसा ऑफ अव्हिलावरच्या अठरा मिनिटांच्या एका लघुपटाला ब्रिटिश सेन्सॉरनं ईशनिंदेच्या कायद्याकडे बोट दाखवून प्रमाणपत्र नाकारलं. दिग्दर्शक नायजेल विनग्रोव्ह स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि १९९६ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरला. तो कायदा २००८ मध्ये गेला, लघुपटाला प्रमाणपत्र मिळायला २०१२ उजाडलं. 'द डेव्हिल्स'वरही कात्री चालली होती.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, फोन घेतला आणि ग्रुपवर एवढंच टाकलं: "१६४५ साली इंग्लंडची लोकसंख्या किती, कोणी सांगेल का?" संध्याकाळपर्यंत दोन्ही टिका निळ्या झाल्या होत्या. उत्तर आलेलं नव्हतं.