‘बघायचं तिथे, मागवायचं मोबाईलवर’ – एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

तुमची कमेंट मी रात्री वाचली आणि सकाळी परत एकदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: एका खेड्यातल्या छोट्या दुकानाबद्दल मी लिहिलं होतं, जिथे स्वयंपाकघरातली भांडी आणि गिफ्टच्या वस्तू मिळतात. त्यावर तुमचं म्हणणं असं, की लाकडी शेल्फ आणि दारावरची घंटा बघून शहरातला माणूस भुलतो, माल त्याच फॅक्टऱ्यांमधला असतो, मोबाईलवर स्वस्त मिळतो, अर्धं दुकान मेणबत्त्या-साबणांनी भरलेलं म्हणजे नुसता पसारा, आणि शेवटी, “फार तर तिथे जाऊन बघून यावं आणि घरी येऊन ऑनलाइन मागवावं.”

किमतीचं आधी उरकते. किमतीत असं दुकान ऑनलाइनला हरवू शकत नाही आणि हरवतं असं मी लिहिलेलंही नाही. तुम्हाला नेमका कुठला पॅन हवाय, किती जाडीचा, कुठल्या शेगडीसाठी, हे सगळं पक्कं माहीत असेल तर खुशाल मोबाईलवर मागवा. पण बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि फोटोवरून ते कळतही नाही, माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

साधा तवा किंवा फ्राय पॅन घ्या. फोटोत तो चकचकीत दिसतो, बाकी तळ किती जाड आहे, हँडल हातात कसं बसतं, पॅन भरल्यावर मनगटावर किती ओढ येते यातलं काहीच दिसत नाही. आणि स्वयंपाकात नेमकं हेच महत्त्वाचं, कारण धातू-धातूत फार फरक असतो. तांब्यातून उष्णता जितकी भरभर पसरते तिच्या साधारण निम्म्याने अॅल्युमिनियममधून पसरते, बिडातून त्याहून बरीच कमी, आणि स्टेनलेस स्टीलमधून तर तांब्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे पातळ तळाचं नुसतं स्टीलचं भांडं ज्वाळेच्या वर जळतं आणि कडेला गारच राहतं, आणि चांगल्या स्टीलच्या भांड्यात मध्ये अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर घालतात तो याचसाठी. तो थर नुसता तळाशी चिकटवलेला आहे की कडेपर्यंत वर गेलाय हे मला त्या दुकानात भांडं उलटं करून, कडेवरून बोट फिरवून दाखवलं गेलं. ऑनलाइन वर्णनात दोन्हींना ‘तीन थरांचं’ म्हणून मोकळे होतात.

मग काउंटरवरच्या बाईंनी ड्रॉवरमधून एक स्टीलची पट्टी काढली आणि पॅनच्या तळावर आडवी धरली. मध्ये केसाएवढी फट दिसली तर चालतं म्हणाल्या, तापल्यावर धातू पसरतो आणि तळ सपाट होतो, पण तळ बाहेरच्या बाजूला फुगलेला असेल तर काचेच्या शेगडीवर पॅन भोवऱ्यासारखा फिरतो आणि नीट टेकत नाही. त्याच ड्रॉवरमध्ये लोहचुंबक. इंडक्शन शेगडी आहे का असं आधी विचारलं आणि मग प्रत्येक भांड्याच्या तळाला चुंबक लावून दाखवला, कारण १८/८ किंवा १८/१० असं लिहिलेलं स्टील गंजत नाही पण त्याला चुंबक जेमतेमच चिकटतो किंवा चिकटतच नाही, म्हणजे इंडक्शनसाठी तळाला वेगळा थर लागतो. हे मी नेटवर वाचलं असतं का? वाचलं असतं कदाचित, पण भांडं घरी येऊन शेगडीने एरर दाखवल्यावर.

चिनीमातीच्या वाडग्यांचं तर मला अजून लिहावंसं वाटतं. दोन वाडगे, रंग सारखा, आकार सारखा. बाईंनी दोन्ही उपडे ठेवले आणि तळाला जी बिनग्लेझची, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नसलेली, खरखरीत कडा असते तिच्यावर बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोडला. एकावर थेंब तसाच टपोरा बसून राहिला, दुसऱ्यावर बघता बघता मुरला आणि तिथे गडद डाग उमटला. पहिला साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजलेला, त्यात माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते. दुसरा त्याहून कमी तापमानाला भाजलेला, आतून सच्छिद्र, म्हणजे रोज धुवून, मायक्रोवेव्हमध्ये घालून वापरायचा असेल तर तो पाणी पिणार, गरम होणार, कधीतरी तडकणार. दुसराही सुंदरच होता, सुकी फळं ठेवायला उत्तम, फक्त काम वेगळं. आणि एक सुरेख रंगीत प्लेट मी उचलली तर त्यांनीच सांगितलं की ही भिंतीवर लावायची आहे, जेवायला नाही, मागे तसं लिहिलेलं आहे ते बघा. शोभेच्या काही भांड्यांच्या रंगात आणि ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थाने ते अन्नात उतरतं. विकणारं माणूस स्वतःहून ‘हे यासाठी घेऊ नका’ म्हणतं याला मी गुणवत्ताच म्हणते, त्याला तुम्ही भुलणं म्हणता.

फॅक्टरीचं म्हणाल तर फॅक्टरीत बनलं म्हणजे कमअस्सल हे मला मुळातच पटत नाही. ल क्रूझे या फ्रेंच कंपनीची एनॅमलची बिडाची भांडी १९२५ पासून फ्रान्सच्या उत्तरेला फ्रेनोआ-ल-ग्राँ गावातल्या फॅक्टरीतच बनतात, वाळूच्या साच्यात ओततात आणि भांडं बाहेर काढताना साचा मोडतो, म्हणजे दर भांड्याला नवा साचा. उलट ‘हँडमेड’ची चिठ्ठी लावलेले लाकडी चमचे मी असे बघितलेत की ज्यांच्या दांड्यातल्या लाकडाच्या रेषा तिरक्या जातात, त्यामुळे नेमके मानेपाशी मोडतात. चमचा घेताना लाकडाच्या रेषा दांड्याच्या टोकापासून खालच्या खोलगट भागापर्यंत सरळ गेल्यात का एवढं बघायचं, मग तो मशीनने केला की हाताने याने फार बिघडत नाही.

आणि वस्तूची खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते याचं मला कायम आठवणारं उदाहरण म्हणजे पायरेक्स. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत उष्णता सोसणारी काच होती, ती रेल्वेच्या कंदिलांना आणि बॅटरीच्या बरण्यांना वापरायचे. १९१३ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञाची, जेसी लिटलटनची बायको बेसी हिने बॅटरीच्या बरणीचा कापलेला खालचा भाग घेतला आणि त्यात घरच्या ओव्हनमध्ये केक भाजला. काच तडकली नाही, केक सगळीकडून सारखा भाजला गेला आणि आतलं दिसतही होतं. १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. काच शास्त्रज्ञांची, पण ती भांड्याची आहे हे ओव्हन वापरणाऱ्या बाईला कळलं. मला दुकानात असं माणूस हवं असतं, ज्याने ती वस्तू वापरलीय.

आता मेणबत्त्या. तुम्हाला तो पसारा वाटला, ठीक आहे, पण जरा हिशोब मांडून बघा. चांगली बिडाची कढई एकदा घेतली की माणूस परत कधी येणार? नीट वापरली तर ती पुढच्या पिढीला जाते. म्हणजे दुकानदाराने जितका चांगला माल विकला तितकं तेच गिऱ्हाईक पुन्हा यायचं कारण कमी झालं. वर गावात वर्दळ कमी, कढया महिनोन्महिने शेल्फवर, त्यात पैसा अडकलेला. साबण, टॉवेल, कार्डं, मेणबत्त्या भराभर विकल्या जातात, लोक वाढदिवसाला, गृहप्रवेशाला, कुणाकडे जाताना सहज थांबतात आणि घेतात. त्या छोट्या विक्रीवर दुकान उघडं राहतं म्हणून त्या जड कढया तिथे हात लावून बघायला मिळतात. त्यांचं तसंच चालतं असं बोलण्यातून कळलंच, पण नुसतं शेल्फकडे बघूनही लक्षात येतं.

आणि म्हणूनच तुमचं ते शेवटचं वाक्य मला लागलं. बघायचं तिथे आणि मागवायचं मोबाईलवर. तुम्ही सहज लिहिलं असेल, पुष्कळ लोक करतात, मला माहितीये. पण त्या बाईंनी पट्टी काढली, चुंबक लावला, पाण्याचा थेंब सोडला, शेगडी कुठली विचारलं, ज्याला द्यायचंय त्याच्याकडे किती माणसं जेवतात विचारलं, या सगळ्या वेळेचं मोल त्या भांड्याच्या किमतीतच धरलेलं असतं, वेगळं बिल लावत नाहीत. ते ज्ञान घ्यायचं आणि पैसे दुसरीकडे द्यायचे हे मला अप्रामाणिक वाटतं, स्पष्टच सांगते. नाही परवडलं तर घेऊ नका, परवडत नाही म्हणून सांगा, लहान साइज घ्या, नुसता चांगला चमचा घ्या, काहीच न घेता आभार मानून निघा, कुणी काही म्हणत नाही. पण त्यांच्यासमोर मोबाईल काढून बारकोड स्कॅन करू नका.

राहिला तुमचा प्रश्न, म्हणजे जुन्या पातेल्याला झाकण तिथे मिळेल का. सुटी झाकणं त्यांच्याकडे आहेत, मी बघितलीत. पातेलं सोबत न्या, सगळ्यात सोपं तेच. नेणं शक्य नसेल तर तोंडाचा व्यास आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा, आणि दोन दिशांनी मोजा कारण जुनी भांडी आपटून-आपटून थोडी लांबोळी झालेली असतात. दोन्ही मापांत फरक आला तर आत बसणारं झाकण घेऊ नका, अडकेल. कडेवर टेकणारं सपाट झाकण बघा, आणि काचेचं घेणार असाल तर वाफेला भोक आहे का ते बघून घ्या.