‘आर्मी’ हे मॉडेल नाही

लष्कराने लिलावात काढलेली मारुती जिप्सी घेतली की ती चालवायला फार वेळ मिळत नाही. सगळा वेळ जातो तो ‘ही नक्की कोणती?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात. साधी मोटार घेतली तर कंपनी तिच्या पाठीवर नाव, इंजिन आणि आडून आडून मालकाची ऐपतसुद्धा चकचकीत अक्षरांत लिहून देते. लष्कराला असल्या जाहिरातीत रस नसतो. माझ्या गाडीच्या अंगावर वाचता येईल असा एकच मजकूर होता, ‘टी. पी. २४’. म्हणजे टायरमध्ये हवा किती भरायची.

साताऱ्याच्या आमच्या गल्लीने मात्र गाडी दारात लागताक्षणी निकाल दिला: जोंगा. हिरवी गाडी, चौकोनी तोंड, म्हणजे जोंगाच. जोंगा ही निसान पेट्रोलची जबलपूरला बनणारी आवृत्ती. सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, आणि नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. १९९९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. हे सगळं मी शेजारच्या काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘असेल हो, पण ही जोंगाच आहे. आमच्या दिरांच्या लग्नात होती.’’ यावर तांत्रिक युक्तिवाद नसतो.

ज्याने विकली त्याचं म्हणणं वेगळं. लिलावात लॉटच्या लॉट उचलून एकेक गाडी विकण्याचा त्याचा धंदा. ‘‘किंग आहे साहेब. एमपीएफआय. ओरिजनल मिलिटरी.’’ बॉनेट उघडलं तर वर गोल एअर फिल्टरचा डबा आणि त्याखाली ठळक, निःसंदिग्ध कार्बोरेटर. एमपीएफआय म्हणजे पेट्रोल फवाऱ्याने सोडणारं इंजिन, त्यात कार्बोरेटर नसतोच. मी बोट दाखवलं. तो न डगमगता म्हणाला, ‘‘मिलिटरीत असंच येतं.’’

तशा जिप्सीच्या जाती काही आंब्याइतक्या नाहीत. डिसेंबर १९८५ मध्ये पहिली आली ती एमजी ४१०: ९७० सीसीचं इंजिन, चार गिअर. १९९३ मध्ये दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढवून ‘वाइडट्रॅक’ काढली. हिच्या चाकांवर पत्र्याच्या रुंद कडा असतात. १९९६ मध्ये १.३ लिटरची किंग, म्हणजे एमजी ४१३ डब्ल्यू, आली. तिला पाच गिअर, आणि इंजिन उंच म्हणून मधोमध वर आलेलं बॉनेट. २००० मध्ये किंगचा कार्बोरेटर गेला, एमपीएफआय आली आणि ताकद ६०ची ८० अश्वशक्ती झाली. संपली यादी. परीक्षेला पडली तर लहान मूलही पैकीच्या पैकी मार्क मिळवेल. माझी अडचण एवढीच, की या यादीतला प्रत्येक प्रकार माझ्या गाडीत थोडा थोडा हजर होता.

बॉनेट किंगचं. गिअरच्या मुठीवर कोरलेले गिअर चार. पण चौथ्यात असताना हात जरा उजवीकडे सरकवून पुढे रेटला की पाचवा निमूटपणे पडायचा. डाव्या चाकावरची कड कंपनीची. उजवी मात्र कोण्या हुशार वेल्डरने पत्रा ठोकून बनवलेली, हात फिरवला तर वेल्डिंगचे मणी बोटाला लागतात. बल्कहेडवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, मॉडेलच्या पाटीला दोन रिव्हेट चपटे आणि दोन घुमटाकार. एवढं पाहिल्यावर पाटीवर काय छापलंय ते वाचण्याची इच्छाच राहत नाही. वाचलं असतं तरी उपयोग नव्हता. नेमक्या त्या जागी ब्रशने हिरवा रंग फासला होता. लष्करात हालत नाही त्या प्रत्येक वस्तूला रंग देतात, आणि पाट्या फारशा हालत नाहीत.

मग टेप काढली. वाइडट्रॅक ओळखायची खात्रीची रीत म्हणजे डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं. दोन्ही टायर सारख्याच रुंदीचे असले की हेच चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. पुढे १३०० मिलिमीटर भरलं तर वाइडट्रॅक. टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात होतं आणि मी गाडीखाली पाठीवर पडलेलो.

‘‘किती?’’ तिने विचारलं.

‘‘तेराशे.’’

‘‘म्हणजे चांगलं की वाईट?’’

‘‘म्हणजे त्र्याण्णवनंतरची.’’

‘‘अहो, मग आधीची असती तर परत घेणार होते का ते?’’

बाई तर्कशास्त्राच्या वाटेने कधी जात नाही असं म्हणणाऱ्याने आमच्याकडे यावं.

शेवटी सुभेदारकाकांना बोलावलं. काका मिलिटरी अपशिंग्याचे. घरटी माणूस फौजेत असलेल्या गावाचा हा माणूस, त्यात उभी नोकरी वाहनांच्या संगतीत काढलेली. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चाकाला बुटाने ठोकर मारली आणि विचारलं, ‘‘बीए नंबर काय?’’

बीए नंबर म्हणजे लष्करातला गाडीचा नंबर. मी सांगितलं की विकताना पुसलाय.

‘‘पुसतात, पण जात नसतो. बॅटरी आणा.’’

संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांनी टॉर्च बंपरला जवळजवळ चिकटवून तिरका धरला. आणि खरोखरच, वरच्या रंगाखालून ब्रशच्या जाड अक्षरांच्या कडा उगवल्या. आधी वर टोक असलेला बाण, मग दोन आकडे, मग एक इंग्रजी अक्षर, मग लांबलचक आकडा आणि शेवटी आणखी एक अक्षर. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत दाखल झाली ते साल. ‘‘पंच्याण्णव,’’ काका म्हणाले. ‘‘भरती पंच्याण्णवची.’’ मला भरून आलं. पंच्याण्णव म्हणजे वाइडट्रॅक, एक लिटर, चार गिअर. टेप आणि मूठ दोघी खऱ्या ठरल्या. बॉनेट तेवढं मागून आलं असणार.

तेवढ्यात काका टॉर्च घेऊन मागे गेले. मागच्या फाळक्यावर बाण होता, आणि बाणापुढे अठ्ठ्याण्णव.

‘‘काका, हे कसं काय?’’

‘‘सोपं आहे. वर्कशॉपला दोन गाड्या गेल्या, एक बाहेर आली. क्यानिबल म्हणतो आम्ही. अवो, सकाळी कानवायला गाडी उभी पाहिजे. त्या वख्ताला स्टोअरमध्ये जे असंल ते लागतं.’’ मग जरा दुखावलेल्या स्वरात, ‘‘आणि मॉडेल काय विचारताय? कुठल्या पलटणीची होती ते विचारा की.’’

त्यांचं पटण्यासारखं होतं. हौशी लोक ‘ओरिजनल’ या गोष्टीपायी डोकं फोडून घेतात. लष्कराला ओरिजनल गाडी नको असते, चालणारी लागते. पण हे तत्त्व रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर भरता येत नाही. तिथे मॉडेलचा रकाना आहे आणि त्यात पलटणीचं नाव चालत नाही.

शिवाय घाई होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम सांगतो, की संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग असता कामा नये. म्हणजे गाडी माझ्या नावावर करायची तर आधी खरवडून रंगवायची, आणि खरवडली की बाण, साल, टी. पी. सकट सगळे साक्षीदार गेले. पेंटर रोज फोन करून विचारायचा, ‘‘घासायला घेऊ का?’’ आणि मी तपास चालू असलेल्या पोलिसासारखा त्याला थोपवून धरायचो. एका दारावर नखाने उकरलं तर हिरव्याखाली निळसर थर लागला. काकांनी तो पाहिला, ओठ आवळले आणि ‘‘एअरफोर्स,’’ एवढंच बोलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी चहालाही आले नाहीत.

याच सुमारास क्लच घसरायला लागला. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं अशी दाटीने आहेत, की तिथे न मिळणारा पार्ट पृथ्वीवर नसतो म्हणतात. काउंटरवरच्या शेठनी मान वर न करता विचारलं,

‘‘वन लिटर की वन थ्री?’’

‘‘बॉनेट वन थ्रीचं आहे.’’

‘‘बॉनेटला क्लच नसतो. कार्ब की एमपीएफआय?’’

‘‘कार्ब. म्हणजे विकणारा एमपीएफआय म्हणाला होता, पण ती आर्मीची आहे ना—’’

आता त्यांनी मान वर केली. ‘‘साहेब, आर्मी हे मॉडेल नाही. जुनी क्लचप्लेट काढून आणा.’’

माझ्या मते याहून नेमकं उत्तर मला कोणीच दिलं नाही. गाडीला तिचं नाव विचारायचं नाही. तिच्या पोटातली वस्तू काढून मापाला माप लावायचं. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा इंजिनचा ब्लॉक पहिल्यांदाच बाजूने नीट दिसला. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने त्यावरचं काळं किटण पुसलं तर खालून ओतीव अक्षरं वर आली: जी १३ बी. म्हणजे १.३ लिटर. वरचा कार्बोरेटर पाहता हे २०००च्या आधीच्या किंगचं इंजिन, आणि पाचव्या गिअरचाही खुलासा झाला. फाळका खरं बोलत होता. बंपर पंच्याण्णवचा, मूठ त्याच्याही आधीची असू शकेल, आणि दाराच्या पूर्वायुष्याबद्दल काकांसमोर बोलायचं नाही. मग चेसिसवर पुढच्या चाकाजवळचा ठोकलेला नंबर वायर ब्रशने मोकळा केला, वर खडू घासून त्याचा ठसा कागदावर घेतला आणि लिलावाच्या कागदाशी ताडून पाहिला. आकडा आणि आकडा जुळला. मी मिस्त्रीला मिठी मारणार होतो, पण त्याच्या अंगावर माझ्या गाडीचं बरंचसं ऑइल होतं.

रजिस्ट्रेशनच्या कचेरीतल्या साहेबांनी सगळे कागद पाहिले, गाडीभोवती फिरले आणि आपणहून म्हणाले, ‘‘जोंगा का?’’ मी ‘एमजी ४१३ डब्ल्यू’ असं ठणकावून सांगितलं. इतका आत्मविश्वास मला स्वतःचं नाव सांगतानाही कधी आला नव्हता. त्यांनी तसं लिहून घेतलं. पेंटरला फोन केला, घासायला घे. रंग बायकोने निवडला, म्हणजे चर्चा झाली नाही.

राहिला होता विमा. एजंट मुलगा चुणचुणीत, मोबाइलवर भराभर माहिती भरत होता. मेक, मॉडेल, इंजिन, साल. एकाही ठिकाणी मी अडखळलो नाही. मग त्याचं बोट थांबलं.

‘‘सर, शेवटचंच. व्हेरियंट. सॉफ्ट टॉप की हार्ड टॉप?’’

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर कोणीतरी नट-बोल्टने बसवलेलं फायबरचं छप्पर होतं, आणि तिथून मागे, लोखंडी कमानींवर, ताडपत्री.

‘‘तुझ्या त्या यादीत,’’ मी विचारलं, ‘‘‘इतर’ असा काही पर्याय आहे का?’’