आयटीआय म्हणताना आवाज का उतरतो?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडून मला येणारे फोन वाढलेत. मी याच राज्यात, स्टुटगार्टजवळ राहतो. गावाकडे दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, पोरांचं नशीब उघडलं. दुसरे चिडून विचारतात, सगळे फिटर तिकडे धाडले तर आमच्या एमआयडीसीने काय करायचं? ही पोरं ज्या आयटीआयमधून निघतात, तिच्याबद्दल मात्र दोन्हीकडे अवाक्षर नाही.

आपल्याकडे आयटीआय म्हणजे शाळा कमी आणि दहावीच्या मार्कांचा निकाल जास्त. टक्के घसरले की "टाका त्याला आयटीआयला." अमळनेरला सोयरिकीच्या बैठकीत "पोऱ्या काय करस?" असं विचारलं, तर इंजिनिअरचा बाप खणखणीत सांगतो आणि फिटरचा बाप पुटपुटतो. तोच फिटर भुसावळला रेल्वेत चिकटला की मग बघा, स्थळांची रीघ लागते! हुनर तेवढाच असतो, फक्त नोकरी सरकारी होते.

इथे जर्मनीत असं हाताचं काम शिकणारा पोरगा शाळेचं नाव सांगत बसत नाही, कंपनीचं सांगतो. कारण आधी कंपनीशी करार होतो, शाळा त्याच्या मागून येते. आठवड्यातले एक-दोन दिवस 'बेरूफ्सशुले' नावाच्या व्यवसायशाळेत, बाकीचे कारखान्यात, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. कारखान्यातल्या मेकॅनिकचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, आणि शेवटची परीक्षा शाळा घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं. 'फाखशुले' ही त्याहून वरची, ठरावीक विषयाची शाळा. तिथे सहसा हे शिक्षण पुरं करून काम केलेलाच जातो. पुढे 'माइस्टर', म्हणजे उस्ताद कारागीर झालात, तर देशाच्या पात्रता-चौकटीत, म्हणजे शिक्षणाच्या अधिकृत उतरंडीत, तुम्ही पदवीधराच्याच, म्हणजे सहाव्या पायरीवर.

सगळंच गोड नाही. बऱ्याच राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, मुलांच्या शाळेच्या वाटा वेगळ्या होतात, आणि परदेशातून आलेल्या घरांतली मुलं खालच्या वाटेला जास्त दिसतात. माझ्या मते हे क्रूर आहे. ते उचलून आपल्याकडे आणू नये.

पण एक गोष्ट खुपते. आपला शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, जर्मनीचा व्यवसायशिक्षण कायदा १९६९ चा. कायद्यात आपणच पुढे होतो! कमी पडला तो मालक. जळगावच्या डाळ मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात शिकाऊ पोरगा म्हणजे स्वस्तातला हात. त्याला शिकवणं हे आपलंही काम आहे, असं किती शेटना वाटतं?

याचा फटका इथे येताना बसतो. आयटीआयचा फिटर दोन वर्षांचा, वेल्डर एकाच वर्षाचा. इथलं मंडळ ते प्रमाणपत्र इथल्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणाशी ताडून बघतं आणि बऱ्याचदा अर्धीच मान्यता देतं. उरलेली तूट कामाच्या अनुभवाने भरता येते, पण तो कागदावर दाखवावा लागतो. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: भाऊ, जर्मनचा क्लास नंतर लाव, आधी कोणत्या मशीनवर किती वर्षं काम केलंस ते शेटकडून लेटरहेडवर लिहून आण. पुष्कळांचं बोलणं इथेच अडतं. पगारच रोखीत मिळतो, तर पत्र कोण देणार?